पुलापलीकडे जाऊन आले

प्रिय शालन,

‘प्रिय’ इस्मतने घातलंय. मी नुसतं ‘शालन गो’ सांगितलं होतं, पण माझ्या सुनेचं म्हणणं, हे पत्र आहे, विहिरीवरची हाक नव्हे. लिहू दे बापडीला. रत्नागिरीच्या शाळेत मराठीचं बक्षीस मिळालं होतं तिला, ते कुठेतरी वसूल व्हायला हवं. तू चष्मा लाव आणि सावकाश वाच. नसरूच्या अब्बांची पत्रं सौदीहून यायची, तेव्हा मला वाचून दाखवताना तू मधल्या ओळी गाळायचीस आणि एकटीच हसायचीस. या पत्रात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण गाळायचं काही नाही.

परवा मी सकाळी देशाबाहेर गेले आणि संध्याकाळी परत आले. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. का गेले आणि गेले तर परत का आले, काही धड उमगलेलं नाही. तुला सांगता सांगता उमगलं तर बरं.

झालं असं, की इथे सौदीत ईद सरल्यावर एका संध्याकाळी नसरूने कपाटातून पासपोर्ट काढले आणि म्हणाला, अम्मी, उद्या हद्दीपलीकडे जायचंय, लवकर तयार राहा. आता तूच सांग, आपल्या गावात कपाटातून पासपोर्ट निघतो तो कशाला? कोणीतरी निघालं म्हणूनच ना? इथून निघणारा माणूस घरीच जातो, जन्मभर मी हेच पाहिलं. शिवाय पुलापलीकडून, बहारीनहून, विमान स्वस्त पडतं असं खालच्या मजल्यावरची विद्या म्हणाली होती. मला वाटलं, लेकाला शेवटी आठवण झाली. वैशाखात किशोरीचं लग्न, आणि तुझ्या नातीच्या चुड्याला मी नसले तर तू जन्मात माझ्याशी बोलणार नाहीस. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं की पोरं बेत बदलतात. गुपचूप बॅग भरली. वर किशोरीची साडी, खाली दुधाच्या पावडरीचा डबा, खजूर, तुझ्या गुडघ्यांसाठी तेल. विद्याच्या गळ्यात पडून निरोप घेतला. ती साताऱ्याची, सहजी रडत नाही, पण तीही रडली.

समुद्रावर हा एवढा लांब पूल आहे, गो. मधोमध बेट आणि बेटावर खिडक्याच खिडक्या. एका खिडकीपाशी हा देश सोडायचा, पुढच्या खिडकीपाशी तो धरायचा. एके ठिकाणी बोटं टेकवायला लावली. तू मला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवतेस ना, इथे नसरूसारखे इंजिनियरही मुकाट्याने बोटं टेकवतात. पुढे झडती घेणाऱ्या पोराने बॅग उघडायला लावली. साडी बघून मोडक्या हिंदीत म्हणाला, शादी? किसका, तुम्हारा? मी म्हटलं, तू हां बोल, आजही कर लेती. तो एवढा हसला की मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. नसरू मात्र हसला नाही. आधी साडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. बॅग त्याने स्वतः बंद केली आणि मग सांगितलं, अम्मी, विमान नाही. तुझ्या व्हिसावर एका वेळी तीन महिनेच राहता येतं, बाहेर जाऊन आलं की पुन्हा तीन महिने मिळतात. संध्याकाळी परत यायचंय. मी म्हटलं, मला माहीत होतं की. बॅगेला जरा हवा खायला आणलीय.

मग दिवस तर काढायला हवा. माझी नात दुआ, तिला शाळेत कुठलं तरी जुनं राज्य शिकवलंय, दिल्मुन नावाचं. तिच्या हट्टापायी आम्ही कुंभारांच्या एका गावात गेलो. तिथे घरांच्या मधोमध मातीचे ढिगारे. आपण भाताच्या उडव्या रचतो तसे, पण घराएवढे. मला वाटलं, बांधकामाची माती. दुआ म्हणाली, नो दादी, दे आर ग्रेव्ह्ज. चार हजार वर्षांच्या कबरी! आणि शेजारीच कुणाचं तरी घर, खिडकीत एसी, दोरीवर पोरांच्या चड्ड्या वाळतायत. फातेहा पढावा की नाही, मला कळेना. ते लोक कुणाला मानायचे, दुआलाही धड सांगता येईना. शेवटी मनात म्हटलं, बाबांनो, कोणी का असाल, सुखात राहा. तुम्हाला तरी दर तीन महिन्यांनी उठून पलीकडे जाऊन यावं लागत नाही.

इस्मत गाडीतून उतरलीच नाही. ऊन लागतं म्हणाली. (इथे तिचं पेन थांबलं. हे कशाला लिहायचं म्हणते. मी म्हटलं, लिही, शालनला सगळं लागतं.) दुआ फोनवरचं मोठ्याने वाचत होती. मोठ्या कबरीला टेकून लहान लहान कबरी बांधल्यात, त्या पोरांच्या, असं तिने वाचलं मात्र, नसरू तिच्यावर खेकसला. पोरीची काय चूक? आणि पाण्याची बाटली घेऊन तो गाडीकडे धावला. दुपारी जेवताना इस्मतने तळलेली सुरमई लांब सारली, कोकणातली पोर असून! परतताना माझी बॅग ती उचलायला गेली तर नसरूने हातातून काढून घेतली. इतक्या वर्षांत बायकोची भाजीची पिशवी धरलेली नाही त्याने. म्हटलं, बहारीनची हवा दिसते.

जिन्यात विद्या भेटली. डोळे मोठे करून म्हणाली, काकी, तुम्ही गेला नाहीत? मी म्हटलं, गेले होते, तुला पुरेसं रडवलं नाही म्हणून परत आले. घरात शिरल्यावर नसरूला सरळ विचारलं, लग्नाला मला पाठवणार की नाही? आधी म्हणाला, तिकिटं महाग आहेत. मग म्हणाला, रजा नाही. मग म्हणाला, गावी उन्हाळा फार. हे मला सौदीत बसून सांगतो! इस्मत मान खाली घालून नुसती लिहितेय. तेव्हा शालन, मी येतेय की नाही, ते मलाच ठाऊक नाही. तूर्त एवढंच. इस्मतला भाकऱ्या करायच्यात.

शालन, हे खालचं अक्षर विद्याचं. इस्मत झोपलीय, हल्ली दुपारची झोपते. तिला दिवस गेलेत, गो. मला कुणी सांगितलेलं नाही, पण मीही पोरं काढलीत. दुआनंतर दोनदा पोट रिकामं झालं तिचं. दोन्ही वेळा आम्ही आनंदाने अख्ख्या गावाला फोन केले होते, आणि मग त्याच सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागले. म्हणून या वेळी दोघांनी तोंडं शिवलीत, माझ्यासमोरसुद्धा. तिला आई नाही. मी जवळ हवी, पण का हवी ते सांगायचा धीर नाही. मला सांगितलं नाही म्हणून रागवावं की मलाच ठेवून घेतलं म्हणून हुरळून जावं, कळत नाही. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. काल मीच नसरूला म्हटलं, लग्नाला नाही जात मी, विमानात गुडघे धरतात. त्याने वर पाहिलं नाही, नुसता मोठा श्वास सोडला. फोन मला स्पीकरवरच लावून देतात, सगळं घर ऐकतं, म्हणून हे पत्र. विद्याचा नवरा सुट्टीवर तिकडे येतोय, तो ते साडीसकट तुझ्या हातात देईल. किशोरीच्या चुड्याला मी नाही, शालन. फोनवर मला भरपूर बोल, इस्मतला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, म्हणजे तिला संशय येणार नाही. आणि चुडा भरून झाला की पोरीवरून माझ्याही वाटची बोटं कडाकडा मोड. इथे मी इस्मत पाठमोरी असली की मोडते, आवाज न करता.

तुझीच, न आलेली,
अमिरन