पाडकामाआधीचा पंचा

मी, नीलांबरी केदार हरकरे, जन्म नागपूरचा, हल्ली राहणार वेस्ट विंडसर, न्यू जर्सी, वय एकोणसत्तर, व्यवसायाने बांधकाम अभियंता, आता निवृत्त, असं लिहून ठेवते की माझी फुप्फुसं निकामी होत चालली असली तरी डोकं शाबूत आहे. नाकात ऑक्सिजनची नळी आहे, पण मला कोणी धमकावलेलं नाही आणि हा कागद कोणी गोड बोलून लिहून घेतलेला नाही. गोड बोलून जी सही घ्यायची होती ती वसंतातच घेऊन झाली. तिची हकीकत पुढे येईल.

मृत्युपत्र मी मराठीत लिहिते आहे. माझी वकील विनीता त्याचं इंग्रजी करून कोर्टापुढे ठेवणार आहे. ती आत्ता समोरच बसली आहे आणि म्हणते, "काकू, प्लीज, शॉर्ट ठेवा. विलमध्ये राग नाही लिहायचा, रागाला क्लॉज नसतो." मी म्हटलं, बाई, तू इंग्रजीतून हवं ते गाळ, मराठीत राहू दे. ज्याने वाचायचं आहे त्याला मराठी येतं, अडखळत का होईना. मीच शिकवलंय.

याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात पहिल्याच कलमात ज्या इमारतीचं नाव होतं ती आता उभी नाही. जपानच्या माइझुरू बंदरातलं माझं विटांचं गोदाम माझ्या मुलाने, कुशने, मला न सांगता विकलं आणि घेणाऱ्यांनी ते पाडलं. मला हे कळलंय याचा कुशला पत्ता नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर तो लागू द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे. मी गेल्यावर, अंत्यविधीच्या आधी, हा कागद वाचला जाईल तेव्हा लागेल.

१. वेस्ट विंडसरचं घर शिवांगी आणि कुश या माझ्या दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. शिवांगी फ्रीमाँट सोडून इकडे यायची नाही आणि कुशला प्लेन्सबरोचं स्वतःचं घर आहे, तेव्हा विकून टाका. घेणाऱ्याने पाडलं तरी माझी हरकत नाही. लाकडी सांगाडा आणि वरून प्लास्टिकचा मुलामा, त्यात जपण्यासारखं आहे काय? मृत्युपत्राची अंमलबजावणी शिवांगीने करावी, कुशने नव्हे.

२. दागिने शिवांगीने आधी निवडावेत, उरतील ते कुशच्या मुलीला, आन्याला. माझी जांभळी पैठणी राधिका वन्संना फार आवडते हे मला ठाऊक आहे. ती त्यांना देऊ नये. केदारच्या तेराव्याला पंगतीत बसून, मला ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या होत्या, "हिचा जीव माणसांपेक्षा विटांतच जास्त." माझा नवरा गेला होता हो त्या दिवसांत! पैठणी ग्लोरियाला द्यावी. ग्लोरिया म्हणजे रोज सकाळी येऊन मला आंघोळ घालणारी बाई. तिने नेसली नाही, पडदे केले, तरी चालेल.

३. माझी हत्यारं आन्याला: पितळी ओळंबा, चुन्याची थापी आणि लहान हातोडी. आन्या, हातोडीने वीट हलकेच वाजवायची. भरीव असली तर टण्ण वाजते, आतून सुटलेली असली तर भद्द. डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, बाहेरून सगळ्या सारख्याच लाल दिसतात. लहानपणी तू माझ्या मागे मागे हिंडत कान भिंतीला लावायचीस आणि "आजी, धिस वन इज सिक!" म्हणून ओरडायचीस. बहुतेक वेळा बरोबर असायचीस.

४. आता गोदाम. या कलमात कोणाला काही देणं नाही, कारण द्यायला काही उरलेलं नाही. तरी लिहिते. काय पाडलं हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

भूकंपात इमारती कशा टिकतात हे शिकायला मी तरुणपणी क्योटोला गेले. आमचे प्राध्यापक आम्हाला माइझुरूला न्यायचे. तिथे धक्क्यालगत आरमाराची जुनी लाल विटांची गोदामं रांगेने उभी आहेत. त्यांची मापं घ्यायची, भिंती वाजवायच्या, हे आमचं काम. त्या रांगेपासून बाजूला, एका गल्लीत, दोरखंडांच्या व्यापाऱ्याचं एक लहानसं गोदाम होतं. ते कोणाच्या खिजगणतीत नव्हतं, मला मात्र तेच आवडायचं. पुढे लग्न करून इथे आले आणि पुलांच्या तपासणीचे अहवाल लिहिण्यात आयुष्य गेलं. ते गोदाम पाडायचं घाटतंय असं कानावर आलं तेव्हा केदारला म्हटलं, मला ते हवंय. तो म्हणाला, "अगं, लोक पुण्यात फ्लॅट घेतात!" घेऊ देत लोक. जुन्या मालकाला ते कोणीतरी उभं ठेवायला हवं होतं, म्हणून आम्हाला परवडलं. केदारने कुरकुर पुष्कळ केली, पण शेवटी मुंडासं बांधून विटा वाहायला तोच पुढे होता.

विटांची भिंत वजन कितीही पेलते, पण भूकंपात आडवी हलली की फाटते. तिला बाहेरून लोखंडी चौकट ठोकली तर ती वाचते, मात्र मग भिंत दिसत नाही, पिंजरा दिसतो. आम्ही भिंतीच्या माथ्यावरून थेट पायापर्यंत बारीक भोकं पाडली, त्यात पोलादी सळया सोडल्या आणि ताणून बसवल्या. बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. विटांच्या सांध्यांतल्या दर्जा भरल्या त्या चुन्याने. सिमेंट विटेपेक्षा कडक असतं, पाणी आत कोंडून धरतं, आणि थंडीत ते गोठलं की विटेचं तोंड फुटतं. "पक्कं काम" म्हणून सिमेंट थापणाऱ्यांनी जेवढ्या जुन्या भिंती मारल्या तेवढ्या भूकंपानेही मारल्या नसतील. पुढे दोनदा मोठे हादरे बसले. गल्लीतल्या नव्या घरांच्या काचा फुटल्या आणि माझ्या भिंतीला केसाएवढी भेग गेली नाही.

खाली बेकरी चालायची, वर बायकांचा शिवणवर्ग. दर शरदात मी जाऊन राहायचे. गल्लीच्या शेजारमंडळाने मला सभासद करून घेतलं होतं, झाडलोटीची पाळीसुद्धा माझ्या नावाने लागायची. साथीच्या काळात बेकरी बंद पडली, वर्गही मोडला. त्यानंतर समोर राहणारी फुमिए किल्ली सांभाळायची आणि खिडक्या उघडून आत वारा खेळवायची. अमेरिकेत एवढी वर्षं काढली, पण बोट दाखवून हे माझं म्हणावं असं काम इथे एकही नाही. ते एक होतं.

५. वसंतात मी हॉस्पिटलात होते, जगते की जाते अशी अवस्था. कुशने कुलमुखत्यारपत्र पुढे केलं. "आई, जस्ट इन केस. बिल्स वगैरे." मी सही केली. पोटच्या मुलापुढे सही करताना कागद कोण वाचतं? त्याच कागदावर त्याने जागेसकट गोदाम एका हॉटेलवाल्याला विकलं.

फुमिए दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास मला चहा आणि सुकी मासळी पाठवते. यंदाच्या खोक्यात एक पांढरा, पातळ पंचा निघाला. काठाला निळी नक्षी, वरून कागदाची पट्टी, पट्टीवर पाडकाम करणाऱ्यांचं नाव. खाली छापलेलं होतं: थोडे दिवस आवाज होईल, धूळ उडेल, आपणास होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमा असावी. तिथे रीतच आहे. इमारत पाडायला घेण्याआधी पाडणारे आजूबाजूच्या प्रत्येक दारी जातात, कमरेत वाकून माफी मागतात आणि असा पंचा हातावर ठेवतात. मी त्या गल्लीतली शेजारीण. माझ्या वाटणीचा फुमिएने मागून घेतला आणि इकडे पाठवला. माझ्याच इमारतीच्या पाडकामाची माफी मला पोस्टाने घरपोच आली.

ग्लोरिया म्हणाली, "नाइस टॉवेल, मिस नीला." मी हो म्हटलं आणि फुमिएला फोन लावला.

"तुम्हीच ठरवलं असेल असं वाटलं आम्हाला," ती म्हणाली. "तुमच्या मुलाने दुभाष्याकरवी निरोप दिला, इतक्या अदबीने. कारण विचारणं बरं दिसलं नसतं हो." आणि रडायलाच लागली. मग म्हणाली, भिंती लवकर पडेनात. आतल्या सळया सोडेनात, यंत्रवाले वैतागले होते. ते ऐकून मला क्षणभर इतकं बरं वाटलं! आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना, नळी काढून ठेवावी लागली.

कुशने सांगितलं नाही, कारण आजारी आईला त्रास नको. फुमिएने विचारलं नाही, कारण ते सभ्यपणाचं नव्हे. दोघांनीही मला जपलं. गोदाम तेवढं गेलं.

कुश दर रविवारी येतो. पाय चेपतो, सिलिंडर तपासतो, खिचडी टाकतो, ती पातळच होते. मागच्या रविवारी तो भांडी घासत असताना मी मुद्दाम विचारलं, "काय रे, गोदामाचं छप्पर गळत नाही ना?"

पाठमोराच म्हणाला, "ऑल गुड, आई. फुमिए मावशी इज टेकिंग केअर."

मग नळ बंद करून तो म्हणाला, "तू बरी हो ना आधी. पुढच्या ऑक्टोबरमध्ये जाऊ आपण. आय प्रॉमिस." त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलला की लहानपणापासून होतात. मी म्हटलं, "बरं."

विनीता म्हणते, काकू, अजून वेळ आहे, समोर बसवा त्याला, भांडा. कशासाठी? भांडून भिंत उभी राहणार आहे का? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. मी तोंड उघडलं तर लाजेने तो यायचाच बंद होईल, आणि रविवारी माझं दार वाजवणारं दुसरं कोणी नाही.

६. विक्रीचे पैसे कुशने स्वतःला ठेवलेले नाहीत. इन्शुरन्सकडून आले असं सांगून ते त्याने माझ्याच खात्यात भरले आणि त्यातूनच ग्लोरियाचा पगार जातो. म्हणजे रोज सकाळी मला जी आंघोळ घातली जाते ती त्या विटा विकून. जे उरेल ते गल्लीच्या शेजारमंडळाला द्यावं. गल्लीच्या टोकाला बर्फ साठवायचं विटांचं जुनं कोठार अजून उभं आहे, त्याच्या दुरुस्तीसाठी. अट एकच, चुना वापरायचा. कोणी सिमेंटची गोणी आत नेली तर पैसे परत घ्यावेत. विनीता म्हणते हे जमणं कठीण आहे. जमव.

७. पाडणाऱ्यांकडून मागून घेऊन फुमिएने थोड्या विटा आपल्या अंगणात रचून ठेवल्या आहेत. त्या तिच्याच. त्यांचं स्मारक करू नये, काचेच्या पेटीत ठेवू नये, माझ्या नावाची पाटी तर अजिबात लावू नये. पायरी करावी, चूल मांडावी, कोठाराला कमी पडतील तिथे लावाव्यात. वीट कामाला लागली पाहिजे. शिवांगी, आठवण म्हणून तू एकही मागायची नाहीस.

८. माझ्या अस्थी माइझुरूच्या धक्क्यावरून समुद्रात सोडाव्यात असं आधी लिहिलं होतं. तेही रद्द. आता तिथे कशाला जायचं? इथल्या डेलावेअर नदीत सोडा, गाडीने जाऊन संध्याकाळपर्यंत घरी याल.

९. कुश, हे शेवटचं कलम तुझं.

तुला वारसातून काढणारा मसुदा विनीताने करून आणला होता. तो मी फाडला. पण मी तुला माफ केलेलं नाही. रोज करून बघते, होत नाही. तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आणि ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू विचारलं नाहीस. मला सगळ्यात जास्त लागलं आहे ते हेच.

माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात रजईखाली तो पंचा घडी करून ठेवला आहे, पट्टीसकट, कोरा. मी गेल्यावर फ्यूनरल होममध्ये मला आंघोळ घालायला बोलावतील. ग्लोरियाला पुढे करू नकोस, शिवांगीला नको. तू घाल. आणि त्या पंच्याने मला पूस.

पट्टीवरचं तुला वाचता येणार नाही, पण त्यात काय आहे ते वर लिहिलंच आहे. पाडणाऱ्याने पाडायच्या आधी दारी जाऊन, वाकून ते म्हणायचं असतं. गल्लीत सगळ्यांना म्हणून झालं, तुझ्याकडून मला तेवढं राहिलं. ते तेव्हा म्हण. मोठ्याने म्हण, मराठीत म्हण, चुकलं तरी चालेल. मग तो पंचा माझ्याबरोबरच आत जाऊ दे.

आणि केस नीट कोरडे कर, बाळा. ओले राहिले की मला लगेच सर्दी होते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि खाली नावं दिलेल्या दोघांच्या देखत, त्यांनी केलेला चहा पिऊन झाल्यावर, सही केली.

नीलांबरी केदार हरकरे

साक्षीदार: देव पटवर्धन, शेजारी. सही.
साक्षीदार: निधी पटवर्धन, शेजारी. सही.

ठिकाण: वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

विनीता कारखानीस, वकील. इंग्रजी भाषांतर सोबत जोडलं आहे. त्यातून काहीही गाळलेलं नाही.