आक्कांच्या खिडकीसमोरची खण

१२ मे १९९८
विलासचं वर्षश्राद्ध झालं. शेजारच्या आक्कांचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. पट्टीचा पोहणारा, तरी मागच्या उन्हाळ्यात समोरच्या खणीत बुडून गेला. दगड काढून सोडून दिलेली जुनी खण, बारा महिने पाणी. आक्कांच्या खिडकीतून सगळी दिसते. वाढताना त्या रडल्या नाहीत. पंगत उठल्यावर मला म्हणाल्या, "ती खण बुजवा. मला दुसरं काय नगं."

२० मे
अर्जावर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या. माझीही. आक्का समोर बसलेल्या, नाही कसं म्हणणार? रात्री हे म्हणाले, माळावरचं पावसाचं पाणी मग जाईल कुठं? म्हटलं, जाईल कुठंतरी.

४ जून
शिरोलीच्या ओतकामाच्या फौंड्र्यांतली जळकी वाळू, पडक्या घरांचा राडारोडा. ट्रकवर ट्रक. खण जवळजवळ भरली. घरभर काळी धूळ. आक्का दारात बसून ट्रक बघतात. आण्णा (त्यांचे मिस्टर) सांगत होते, कालपासून दोन्ही वेळा जेवतीय.

७ जुलै
दोन दिवस धो धो. शाळेत शिकवून घरी आले तर गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी, घरात पलंगाला लागलेलं. दरवर्षी माळावरून खणीत उतरायचं ते सगळं भरावावर आपटून आमच्या खालच्या गल्लीत. सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन, देवाचं नाव घेत. मी एकटी, हे कामावर. आक्कांचं घर शेजारीच, पण चढावर, कोरडं. त्याच पाण्यातून उतरून आल्या. "चला मावशी, माझ्याकडं ऱ्हावा." सासूबाईंना दोघींनी धरून वर नेलं. जेवण तिथंच, झोपणंही. विलासच्या खोलीत.

१० जुलै
चिखल उपसणं चालूच. तांदूळ, गाद्या, ह्यांचे बूट... जाऊ दे.
तालमीत बैठक. खालच्या गल्लीचं एकमत. भराव काढायचा, खण आणखी खोल करायची, माळाची गटार सरळ तिच्यात सोडायची, भोवती जाळी. ह्यांनीच मांडलं. मग आक्कांना कोण सांगणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

११ जुलै
सांगितलं. भाकरी थापत होत्या.
"तू सही केलीवतीस न्हवं?"
"केलीवती."
"मग?"
म्हटलं, आक्का, घरात पाणी...
"बघितलंय की. मीच आलोवतो त्यात."
तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही. मी उलटायला हात पुढं केला, तो बाजूला सारला. मग म्हणाल्या, "उकरा. पर मला इचारू नगासा."
सासूबाईंना घेऊन घरी आले. भिंती अजून ओल्या.

२ सप्टेंबर
आक्का बोलत नाहीत. मी नळावर दिसले की मान वळवतात. सासूबाईंसाठी ताक मात्र रोज येतं, आण्णांच्या हातून. काय समजायचं?

१८ एप्रिल १९९९
अखेर मशीन आलं. भराव निघतोय. आक्कांनी खिडकीला जाड पडदा लावलाय, या उकाड्यात. आण्णा खाली येऊन कामगारांना म्हणाले, "जाळी आनखी हातभर वर घ्या." एवढंच. मग बराच वेळ खांब धरून उभे.

१ जुलै
कालपासून तसाच पाऊस. माळाचं पाणी सरळ खणीत. काठ अजून वर आहे. गल्ली नुसती ओली, घर कोरडं. बायका बघायला गेल्या, मीही. आनंद झाला, खोटं कशाला लिहू? परतताना वर बघितलं तर पडदा सरकवलेला. कोण उभं होतं दिसलं नाही.

२ जुलै
आण्णा ह्यांना म्हणाले, राजारामपुरीत घर बघतोय. तिला इथं निभत न्हाई.
संध्याकाळी आक्का स्वतः आल्या. गेल्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा आमच्या उंबऱ्यात. मला विचारलं, "पाणी आलं न्हाई न्हवं?" म्हटलं, नाही. "बरं झालं." आत जाऊन सासूबाईंजवळ बसल्या. मी चहा केला, घेतला.
त्या गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "रविवारी घर बघायला चाललीया. तुला बरोबर ये म्हणून सांगितलंय."
"मला का नाही सांगितलं?"
"ते मला काय ठावं? जाणार हाईस का?"
अजून ठरवलं नाही. आज शुक्र, मधे एकच दिवस.