पेन्सिलीतली तारीख

प्रिय पुरुषोत्तम,

तुझे सहा फोन आले, मुद्दामच उचलले नाहीत. तुझ्या दिव्यश्रीच्या लग्नासाठी सव्वीस फेब्रुवारीला आमचा देवनहळ्ळीचा कल्याणमंडप हवाय, हा निरोप पोचला. व्याह्यांना विमानतळाजवळचीच जागा हवी, तुझा मंडप लांब पडतो आणि नंतर वर्षभर मुहूर्त नाही, हेही कळलं. अक्का नाही म्हणणार नाही, असं तू त्यांना सांगूनही बसलास म्हणे.

तुझ्या मंडपाची ती लांबुळकी वही आठवते. सगळ्या तारखा पेन्सिलीत, शेजारी खोडरबर. माझ्या भव्यानं तीनदा लॅपटॉप आणून दाखवलं, मामा, लोक घरबसल्या तारीख बघतील, पैसे भरतील. एकदा तू खर्च फार म्हणालास, एकदा आपली गिऱ्हाइकं जुन्या वळणाची, शेवटी दिवाळीनंतर बघू. मीही भाबडी, तुला खर्चाचीच धास्ती वाटते असं समजले. खरं तर तुला लोकांचे फोन हवे होते, अण्णा अण्णा करणारे. तारीख आपोआप मिळायला लागली तर तुझ्या दारात कोण उभं राहणार?

त्याच वहीत भव्याच्या लग्नाची तारीख होती. बेळ्ळंदूरच्या बिल्डरनं तीच मागितली आणि तू ती खोडलीस. मला सांगितलंस, अक्का, स्वल्प अॅडजस्ट कर, घरचंच तर कार्य आहे. पत्रिका वाटून झाल्या होत्या रे! सख्ख्या मामाचा मंडप मिळत नाही त्या घरात काय बघायचं, म्हणत मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. त्या दिवशी मी तुला मनातल्या मनात तळतळून शाप दिला. तू मात्र बिल्डरच्या पंगतीत जिलेबी वाढत होतास.

आमच्या मंडपात वही नाही. भव्यानं सगळं ऑनलाइन केलंय. सव्वीस तारीख गुरुवारपर्यंत साऱ्या गावाला मोकळी दिसत होती, दोन मिनिटांत तुझी झाली असती. पण तू फोनच करत राहिलास. बहिणीच्या हातात पेन्सिल असणारच, अशी तुझी खात्री.

गुरुवारी संध्याकाळी ती तारीख गेली. पूर्ण पैसे भरून मीच घेतली, माझ्या नावावर. कार्य काहीच नाही. त्या दिवशी मंडपाला कुलूप असेल. दिव्यश्रीचा काय दोष, म्हणशील. भव्याचा काय होता? व्याह्यांना काय सांगायचं ते तूच ठरव, आणि हे पत्र त्यांना दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

तुझीच,
श्यामलाक्का