कोपऱ्यावर उभी गाडी

प्रिय ठोंब्या,

एकाच घरात राहून आई पत्र लिहिते म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलं, असं वाटेल तुला. वाटू दे. तोंडाने सांगायला गेले तर तू ताटावरून उठशील. पुलापलीकडच्या वस्तीचं नाव निघालं की तू नेहमीच उठतोस. म्हणून सूनबाई कामावर गेल्यावर मशीनवरचं कापड बाजूला सारून लिहायला बसले आहे.

मी तिकडे जाऊन आले. ओरडू नकोस, आधी वाच. मशीनचं शटल मोडलं, आणि माझं हे जुनं धूड दुरुस्त करणारा जो एक कारागीर उरलाय, त्याने दुकान पुलापलीकडे हलवलंय. नवीन मशीन घेऊ म्हणून सूनबाई मागे लागली होती, पण माझा हट्ट तुला ठाऊकच आहे. कानातलं काढून डब्यात टाकलं, शटल रुमालात बांधलं आणि जीव मुठीत धरून पूल ओलांडला.

याआधी तिथे एकदाच गेले होते. तुझे बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांची सायकल आणायला, पोलिसांच्या जीपमधून. तेव्हा गल्लीतली सगळी दारं बंद होती, आणि त्या दारांमागे खुनी बसलेत असं तुझ्या काकांनी माझ्या मनावर बिंबवलं होतं. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला गेलेला साधा माणूस, छाती काळीनिळी, बरगड्या मोडलेल्या. डॉक्टर सांगत होते की हृदय बंद पडलं. काका म्हणाले, एवढं बदडल्यावर बंद पडणार नाही तर काय होईल? आपण काकांचं ऐकलं. तू शाळेत होतास. पुढे तू अँब्युलन्स चालवायला लागलास तेही बाबांमुळेच, हे तू बोलला नाहीस तरी मला कळत होतं. दुसऱ्यांचे बाप वाचवतोस म्हणून मी शेजारीपाजारी मिरवायचे.

या वेळी दारं सताड उघडी होती. बंद लॉन्ड्रीच्या शेजारच्या दारात एक बाई उशांचे अभ्रे वाळत घालत होती. तिला पत्ता विचारला तर हातातलं काम टाकून दुकानापर्यंत सोडायला आली. इथल्या गल्ल्या चकवतात हो ताई, म्हणाली. कारागिराने तासाभराने या म्हणून सांगितलं, तर ती मला आपल्या घरी घेऊन गेली. एकच खोली, पण अशी लख्ख की माझ्यासारख्या नाक मुरडणाऱ्या बाईलाही बोट ठेवायला जागा सापडेना. तिच्या शेजारणींनी मी शिवते हे ऐकून उसवलेला कोट पुढे केला. चहा पिता पिता मी तो टाचून दिला. इतक्या गप्पा मारल्या आम्ही, की मी कुठे बसले आहे हेच विसरले. आणि मग काय झालं कोण जाणे, माझे यजमान याच गल्लीत गेले, असं बोलून बसले. त्या बाईने विचारलं, ते मीटरवाले दादा का?

तिने मला ती जागा दाखवली. बाबांनी सायकल भिंतीला टेकवली, खाली बसले आणि कलंडले. तिचा नवरा लॉन्ड्री चालवायचा. तो गरम इस्त्री तशीच शर्टावर सोडून धावला. समोरच्या दुकानदाराने अँब्युलन्सला फोन लावला, आणि पलीकडून जे सांगत होते ते तो गल्लीभर ओरडून सांगू लागला. दोन्ही हातांनी छाती दाब, जोर लाव, हाड मोडलं तरी थांबू नको. आणि हाड मोडलंच. तळहाताखाली ते कळलं तेव्हा तो रडायला लागला, पण दाबत राहिला. अँब्युलन्स आली होती रे. पुलाच्या कोपऱ्यावर उभी होती. या वस्तीत पोलिसांशिवाय शिरायचं नाही, असा नियम. बायका धावत गेल्या, काचेवर हात आपटले. ड्रायव्हरने काच खाली केली नाही. शेवटी कपड्यांच्या हातगाडीवर घालून बाबांना कोपऱ्यावर आणलं, तोवर सगळं संपलं होतं.

त्यांना कुणी मारलं नाही, ठोंब्या. ते वळ वाचवण्याच्या धडपडीचे होते. त्याबद्दल त्या लॉन्ड्रीवाल्याला पोलिसांनी चौकीत बसवून ठेवलं, आणि पुलाअलीकडच्या गिऱ्हाइकांनी कपडे देणं बंद केलं. मला हुंदका आवरेना. म्हटलं, मला एकदा त्यांना भेटू द्या, ते हात माझ्या हातात घेऊ द्या. तर तिने बंद लॉन्ड्रीकडे पाहिलं. गेल्या महिन्यात गेले, म्हणाली. तसेच, दारात कलंडून. त्यांचं बघून शिकलेली ती छाती दाबत राहिली. गाडी कोपऱ्यावर उभी होती. बाजाराच्या सुट्टीचा दिवस होता, संध्याकाळ होती.

त्या संध्याकाळी तू घरी येऊन जेवलास. पुलाच्या कोपऱ्यावर फुकट खोळंबा झाला म्हणालास, पोलीस येईपर्यंत पेशंट आटोपला होता म्हणालास. आणि मी तुला वाढत म्हणाले, बरं केलंस, आत गेला नाहीस. नियम तू केलेला नाहीस, आणि तो मोडलास तर नोकरी जाईल हेही मला कळतं. उद्या तिथून पुन्हा फोन आला तर तू पुन्हा कोपऱ्यावरच थांबशील. तू बदलशील अशी आशा मी धरलेली नाही. त्या बाईने निघताना विचारलं, मुलगा काय करतो? गाडी चालवतो, एवढंच मी म्हणाले. मग जपून चालवायला सांगा, म्हणाली. तिचा निरोप तुला द्यायचा राहिला होता, म्हणून हे पत्र.

काही झालं तरी तुझीच,
आई