अनेसिमला कुणी विचारलं नाही

सोमवार, ३ मार्च
चर्चच्या पाळकांनी कामाला लावलं. शुक्रवारी दादाच्या घरी बायबलचा अभ्यास आहे, तिथे फिलेमोनला लिहिलेलं पत्र मी समजावून सांगायचं. "छोटंसंच तर आहे," म्हणाले. सगळी पत्रं सोडून हेच! फिलेमोन हा मालक, त्याच्याकडून पळालेला दास अनेसिम, आणि पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्याला परत पाठवतोय. मी नवऱ्याचं घर सोडून दादाकडे येऊन राहिलेय. मी काय दूधखुळी आहे?

मंगळवार, ४ मार्च
वहिनी भांडी आपटत होती. "एवढ्याशा खोलीत माणसांनी राहायचं तरी कसं?" मला नाही, भिंतीला विचारत होती म्हणे.

बुधवार, ५ मार्च
लाँड्रीत इस्त्री फिरवताना डोक्यात तेच. त्या काळी पळालेला दास सापडला की मालक त्याचं काहीही करू शकायचा. चाबूक, डागणी. पौल तुरुंगात, हाती फक्त शब्द. पण काय गोड शब्द — याला दास नको, भाऊ समजून घे. शिवाय पत्र एकट्या फिलेमोनला नाहीच, त्याच्या घरी जमणाऱ्या सगळ्या मंडळीला आहे. चारचौघांत वाचलं की मालकाला नाही म्हणायची सोय उरत नाही. पक्का होता पौल.

तुझ्या संमतीवाचून मला काही करायचं नव्हतं, असंही लिहितो. मालकाला! अनेसिमच्या संमतीचं अवाक्षर नाही.

माझा नवरा कामाला जाताना बाहेरून कडी लावून जायचा. पाळकांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "काळजीपोटी असेल."

शुक्रवार, ७ मार्च
पाळक नवऱ्यालाच घेऊन आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खाली मान. माझं बोलणं राहिलं बाजूला — पाळकांनीच खिशातून कागद काढून वाचला. मोलकरीण म्हणून नको, प्रभूमधली बहीण म्हणून हिला घरी ने. बायकोला बहीण! "माझी ना नाही," नवरा म्हणाला. बायकांनी डोळे पुसले, दादाने त्याला मिठी मारली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, मी जाणार नाही.

सगळे गेल्यावर दादा एवढंच बोलला, "मंडळीत माझं नाक कापलंस."

शनिवार, ८ मार्च
सकाळी दादाने माझी बॅग जिन्यात नेऊन ठेवली. वहिनीने स्वतःची भरली, माझ्या बॅगेशेजारी आणून ठेवली आणि मला म्हणाली, "चल."