शेततळ्यातल्या विजयदुर्गाची वाटणी

मी, श्रीमंत पुंजाराम येळवंडे, वय ५४, पेशा शिक्षक व विनोदी लेखन (दुसऱ्यामुळे पहिल्याला नोटिसा), राहणार घोडेगाव, ता. नेवासा, लिहून ठेवतो की, माझा धाकटा भाऊ अजिनाथ रोज सकाळी आपला टेम्पो माझ्या फाटकाला आडवा लावतो. त्यामुळे मला स्वतःच्याच घरात खेकड्यासारखं तिरपं शिरावं लागतं. हा जुलूम सोसूनही माझी बुद्धी शाबूत आहे, कुणाचा दबाव नाही. सबब हे मृत्युपत्र.

१. राहतं घर व बँकेतली ठेव बहीण सुरेखा हिला. मी लग्न केलं नाही, तिचं टिकलं नाही. माझ्या स्वयंपाकात मीठ कमी आहे असं तोंडावर सांगणारी तेवढीच एक.

२. माझ्या एकट्याच्या नावचं शेततळं व त्यातली गोदी. खुलासा करणं भाग आहे. विजयदुर्ग हे मराठी आरमाराचं जुनं ठाणं. शिवाजी महाराजांनी तो बळकट केला, पुढे आंग्र्यांनी तिथून समुद्रावर दरारा ठेवला. जवळच गिर्ये इथे खाडीकाठी खडकात खोदलेली गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बूड उघडं पडतं, मग डागडुजी. समुद्र न पाहिलेल्या वर्गाला हे कळेना, म्हणून तळ्याच्या कडेला मी छोटी दगडी गोदी बांधली. रशीद सुताराने सागवानी गलबत करून दिलं. भरती विहिरीवरच्या मोटारीने आणतो, म्हणजे शेतीची लाइट असेल तेव्हाच. अजिनाथची मुलगी आरती माझ्याच वर्गात, तिने परीक्षेत लिहिलं, "भरती लाइट आल्यावर येते." मार्क तिचा गेला, बोलणी मी खाल्ली.

३. अजिनाथला हे तळं बुजवून हवंय. शेजारच्या त्याच्या रानात शहरातला एक बिल्डर मंगल कार्यालय काढणार, आणि पार्किंग माझ्या विजयदुर्गावर. फेब्रुवारीत अजिनाथ त्या बिल्डरला मोजणीच्या टेपसकट घेऊन आला.

"दादा, प्यायला टँकर लागतोय आन् तू आरमार पाळतो व्हय?"

"तू टेम्पो पाळतोस, मी काही म्हणालो?"

"लोकं हसत्यात आपल्याला."

"तोच माझा धंदा आहे. तू फुकट मदत करतोस."

बिल्डर म्हणाला, "सर, इथे गाड्या मस्त लागतील." मी म्हणालो, "इथे गलबतं लागतात." त्याने टेप गुंडाळला.

१७५६ साली पेशव्यांनी आंग्र्यांशी असलेलं भांडण निकाली काढायला इंग्रजांना सोबत घेतलं. आरमार बंदरातच जळालं, आणि पुढे समुद्र कुणाचा झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. हा धडा वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवला, घरात शिकवायचा राहिला. म्हणून तळं, गोदी, गलबत सुरेखाला. तिने बुजवू नये, विकू नये, तिच्यामागे शाळेला. अजिनाथ व त्याचा बिल्डर यांचा त्यावर कसलाही हक्क नाही, काठावर उभं राहून उसासे टाकण्याचाही नाही.

४. रंधा, पटाशी, करवत रशीदला. तो ती आधीच नेऊन वापरतो. आता कायदेशीर वापरावी.

५. अजिनाथला माझे छापील विनोदी लेख. बरेचसे त्याच्यावरच आहेत, ते त्याने मोठ्याने वाचावेत. दहाव्याला भाषण करू नये. कावळा शिवेना, तर "टेम्पो हलवतो" एवढंच म्हणून बघावं.

६. शेवटचं कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. एप्रिलात मी नगरच्या दवाखान्यात होतो, तळं आटलं. सागवान उन्हात पडलं की फळ्या फाकतात. घरी आलो तर तळं भरलेलं, गलबत तरंगतंय. सुरेखा म्हणाली, "अजिनाथनं त्याची पाण्याची पाळी सोडली तळ्यात. तुला सांगू नको म्हनला." त्या आठवड्यात त्याच्या गायींसाठी लावलेला लसूणघास पाण्यावाचून रानातच वाळला. यावरून कुणी प्रेमबिम काढू नये. विहीर सामाईक आहे, घेतलेली पाळी फेडायची असते. उद्या गुरुवारी पाण्याची पाळी माझी. सुरेखाने सकाळी मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीची किल्ली त्याच्या ओट्यावर ठेवावी, आणि काही न बोलता परत यावं.

सही: श्रीमंत पुंजाराम येळवंडे

समक्ष साक्षीदार:
१. कानिफनाथ भानुदास दरंदले
२. मुजफ्फर इस्माईल शेख

घोडेगाव, जि. अहिल्यानगर
बुधवार, १४ मे २०२५