जिन्याखालची पेटी

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी ते खिशात घेऊन हिंडतोय. घड्या पडून पडून कागद कापडासारखा मऊ झालाय. रोज ठरवतो, आज उत्तर लिहायचं. मग पेनातली शाई संपलेली असते, नाहीतर शेजारच्या खोलीतला माणूस बिगुल वाजवायला घेतो (त्याला बँडमध्ये लागायचंय, एकच सूर येतो, तोही अर्धा), नाहीतर मी उगाच पुलावर जाऊन बोटी बघत बसतो. तू म्हणशील, तू मला ठेवलेलं नावच खरं, भिंगरी ती भिंगरीच. पण या वेळी नुसता आळस नव्हता. सांगतो, ऐक.

आधी कामाचं. ट्रकवरचं सोडलं, तंबूतले दिवे लावायचं धरलं, तेही सोडलं, आणि या पत्र्याच्या कारखान्यात मात्र टिकलो. तुला ते खरंच वाटत नव्हतं. टिकायचं कारण म्हणजे या हिरव्या तक्रारपेट्या. नव्या सरकारनं आल्या आल्या भ्रष्टाचार मुळासकट उपटायचं जाहीर केलं, भिंतीभिंतीवर तसे फलक लागले, आणि प्रत्येक सरकारी कचेरीत एकेक पेटी लावायचा हुकूम सुटला. कागद आत टाकायचा, आणि चावी फक्त राजधानीतल्या दक्षता पथकाकडे. मी पत्रा कापतो, रंग देतो आणि मग टेम्पोत बसून गावोगाव पेट्या भिंतीला ठोकत फिरतो. फिरणं आणि पगार दोन्ही एकाच कामात. मला दुसरं काय हवं?

लोक मात्र मजा करतात. जमिनीच्या कचेरीत मी भिंतीला भोकं पाडत होतो, तेव्हा रांगेतल्या एका म्हातारीनं अगदी गंभीरपणे विचारलं की बाळा, यात कागद टाकायचे किती घेतात. अख्खी रांग हसली. खिडकीमागचा कारकूनही हसला आणि त्याच हातानं पुढच्या माणसाची पाकीट ठेवलेली फाईल आत ओढून घेतली. एकजण म्हणाला, मागच्या सरकारची पेटी निळी होती, म्हणजे रंगात तरी सुधारणा आहे. मीही हसलो. आपला रंग चांगला बसलाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फक्त एकच माणूस हसला नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला पंपवाला. पन्नाशीचा, बारीक, खांद्यावर कायम छत्री अडकवलेली. त्यानं मला चहा पाजला, शिडी धरली आणि म्हणाला की तुझ्या पेटीचं उद्घाटन मीच करणार, नावानिशी करणार. कुठल्या वस्तीचं पाणी कुठल्या टँकरवाल्याला जातं ते सगळं त्याला पाठ होतं. मला तो फार आवडला. आपल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढलेली तू आठवलीस. सगळ्यांना पाण्याचा वास येत होता, शिपाई म्हणत होता टाकी कालच धुतलीय, आणि तू वर चढून मेलेलं कबूतर घेऊन थेट मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलंस. दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं तुला. पण टाकी धुतली. तेव्हापासून तुला वाटतं की वर चढून दाखवलं की टाकी धुतात.

परवा त्याच कचेरीतून निरोप आला की पेटीचं झाकण अडकतंय. मी गेलो. पंपवाल्याचं स्टूल रिकामं होतं आणि छत्री खिळ्याला लटकत होती. मी सहज विचारलं. एकजण म्हणाला बदली झाली. त्याच टेबलावरचा दुसरा म्हणाला गावी गेलाय. तिसरा मान वर न करता म्हणाला, कोण पंपवाला? तिघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. मी पिशवीतला पेचकस काढून पेटीकडे वळलो.

तेवढ्यात आतून मोठे साहेब आले. किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी माझ्यासमोर पेटी उघडली, ताई. गोळ्यांचे कागद, बसची तिकिटं, कोणीतरी टाकलेलं मोडकं बटण. ते माझ्याकडे बघून गोड हसले. "एवढ्या दिवसांत एकच कागद आला," म्हणाले, "तोही निकाली काढला."

झाकण कसं नीट केलं ते मला आठवत नाही. परत आल्यावर कारखान्यातल्या वेल्डरकाकांना विचारलं, चावी साहेबांकडे कशी. त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काल जन्मलोय. मंत्र्यांना सगळ्या पेट्यांचं उद्घाटन एकाच दिवशी करायचं होतं. वेगवेगळी कुलपं मिळायला उशीर लागला असता, म्हणून मालकानं एकाच साच्याची उचलली. कुठलीही चावी कुठल्याही पेटीला लागते. मग राजधानीतूनच फोन आला की कुलूप अडकलं तर अडचण नको, प्रत्येक कचेरीत एकेक चावी पोचवा. यात लपवण्यासारखं कोणाला काही वाटलंही नाही. काका म्हणाले, "तुला काय वाटलं, पेटी आपण लोकांसाठी बनवतोय?"

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की तुझ्या वॉर्डाबाहेर जिन्याखाली हिरवी पेटी लागलीय आणि तू बाकीच्या सगळ्या नर्सना सांगितलंस, ही माझ्या भावानं बनवलीय. ताई, मी ती ओळ इतक्यांदा वाचलीय. आजवर माझ्याबद्दल कोणाला काही सांगावं असं मी काही केलंच नव्हतं. म्हणून लिहायला हात उचलत नव्हता. वाटलं, अजून एक दिवस तिला तसं वाटू दे.

पण पुढचंही मी वाचलंय. औषधांच्या बाटल्यांवरचं नवं लेबल तू नखानं खरवडलंस आणि खाली जुनी, उलटून गेलेली तारीख निघाली. खाटेवरच्या त्या पोरीचा ताप का उतरला नाही, ते तुला तेव्हा कळलं. आणि हे करणारा तो स्टोअरकीपर, पांढरे बूट घालणारा, सगळ्यांना 'बेटा' म्हणणारा, ज्याच्याकडे आता तुमच्या दवाखान्याचा कारभारही आलाय. तू लिहिणार आहेस, नावानिशी, कारण निनावी कागद कोणी वाचत नाही. वर असंही लिहिणार आहेस की पेटी माझ्याच भिंगरीनं बनवलीय, म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे.

नको टाकूस. एवढ्यासाठीच हे पत्र. त्या पेटीची चावी पांढऱ्या बुटांच्या खिशात आहे. फोन केला असता, पण तुमचा फोन स्टोअरच्याच खोलीत. बाटली जपून ठेव, दवाखान्यात ठेवू नकोस. पगार झाला की मी येतो, मग दोघं मिळून दुसरी एखादी टाकी शोधू चढायला. लिहायला उशीर केला, पण तू कुठलाही कागद दहादा खोडून लिहितेस, त्यावरच माझी भिस्त आहे.

तुझ्याच मागे मागे फिरलेला, तुझाच,
भिंगरी

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात कारखान्याच्या दारात गाडी थांबली. एक माणूस मालकाशी बोलतोय. पत्र्याच्या किसात उभा आहे, पण बुटांना डाग लागू नये म्हणून पाय जपून ठेवतोय. पांढरे आहेत. मालक गोंधळून सगळ्यांकडे बघतोय, कारण इथे मला सगळे 'नवा' म्हणतात. काका मागच्या दाराशी थांबलेत, एवढं लिहून पाकीट त्यांच्या हातात देतो, ते संध्याकाळच्या गाडीनं तुझ्यापर्यंत पोचतील. वाचलंस की वॉर्डात थांबू नकोस, काकांबरोबरच नीघ. तो माणूस विचारतोय, "तुमच्यात भिंगरी कोण, बेटा?"